पंप बदल नाहीतर विकतो

फ्युएल पंप गेलाय असं कोणी छातीठोक सांगितलं ना, की मी आधी प्रेशर गेज लावतो. माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक म्हणतं म्हणून पार्ट बदलत नाहीत, काटा म्हणतो म्हणून बदलतात.

तर परवा आपला लालबागचा संदीप इंजेक्शनवाली बाईक ढकलत चिंचपोकळीला आला. म्हणाला, "पुलावर बंद पडली रे, मागून बस अंगावर येत होती. पंप बदल, नाहीतर विकतो."

"पेट्रोल भरलं की नीट चालते?"

"हो, थोडा वेळ. तुला कसं कळलं?"

मी गेज लावला, इंजिन चालू ठेवलं आणि कटिंग मागवली. चहा संपेपर्यंत काटा जागेवर होता. मग हळूहळू खाली घसरला, पंपही कण्हायला लागला. मी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि काटा परत जागेवर.

"पंप ठणठणीत आहे. टाकीत हवाच जात नाही, मग तो पेट्रोल खेचणार कसा?"

झाकण पाहिलं, तर हवेचं बारीक भोक हळद-कुंकवाने पार लिंपलेलं. संदीपने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, टाकीच्या झाकणाला कुंकू तू लावतेस?"

"लावतंय तर. दर शुक्रवारी."

"अगं, त्यानेच गाडी बंद पडते."

काकी म्हणाल्या, "बंद पडता म्हणान तर आता रोज लावतंय."