बिनचूक

पालमच्या बसस्टँडवर वच्छलाबाई परभणीच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर बसलेले किशनराव आपल्या दहावीतल्या लेकीला, राजनंदिनीला, मनाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

"येत होतं, तर पेपर कोरा कामून दिलास?"

"लिहिलं होतं, बाबा. चुकलंय वाटलं म्हणून खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेवढ्यात घंटा झाली."

"असं कुठं असतंय का?"

"मॅडम म्हणल्या, ह्याला परफेक्शनिझम म्हणतात. सगळं बिनचूक पायजे, न्हाईतर नकोच."

"मग ते चांगलंच हाय की! आपल्यात त्याला नेटकं म्हनत्यात. तुझी आजी भाकर जराशी चिरली तरी दुसरी थापायची. गावात लय नाव होतं तिचं."

"आणि आजी जेवायची कवा?"

वच्छलाबाईंचे कान मागे लागले.

"सगळ्यांच्या मागून. चिरलेल्या भाकरी तीच खायची."

"बाबा, मला भ्या वाटायलंय. डॉक्टरला नीट सांगता आलं न्हाई तर?"

"मग चुकीचं सांग, माय. मी हाय ना संगं."

"चुकीचं कसं सांगत्यात, बाबा?"

गाडी लागली, तरी वच्छलाबाईंना उठायचं सुचलं नाही.