परत येणारा फोल्डर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बाळाला खांद्यावर थोपटत ती आपल्या नंबराची वाट बघत होती. तिच्या पुढच्या काकू दुकानदाराशी बोलत होत्या.

"स्क्रीनवरचा हा फोल्डर तेवढा काढून द्या. मी रोज पुसते, सकाळी मेला परत हजर!"

"काकू, दुसऱ्या लॅपटॉपवर हेच खातं चालू असणार. तिकडून येतोय तो."

"दुसरा लेकीचा होता. तिच्याबरोबरच गेला. पुलावरून गाडी खाली गेली, त्याला दोन वर्षं झाली."

"अरेरे... मग कुणाला तरी सापडला असेल."

"नदीतून?"

तिचा थोपटणारा हात थांबला.

"यात रोज एक फोटो वाढलाय, काकू. पहिला पुलाचा आहे."

"मग आमच्या चौकाचा. काल फाटकाचा. आमचे हे दिवसभर त्यासमोर बसून असतात हो, जेवायलाही उठत नाहीत. म्हणून म्हणते, काढाच."

"आजचाही आलाय. उघडू?"

"नको, मी बघितलाय. आमचं दार आहे, बाहेरून काढलेलं."

"मग कडी नीट लावत जा, काकू."

"मी लावते हो. हे उठून काढून ठेवतात. म्हणतात, तिची किल्ली घरीच राहिलीय."