बकरीनं खाल्लेला कोपरा

नाही, तो नको – तो सोडून दुसरा कुठलाही वाडगा घ्या, काकू. झाकणाचा घ्या, तो पसरट घ्या, पण हातातला तो खाली ठेवा. अहो, चिरलेला नाहीये, उलट सगळ्यांत चांगला तोच उतरलाय, म्हणूनच तर – त्या काळ्या ठिपक्यामुळे आवडला ना तुम्हाला? सगळ्यांना तोच आवडतो. बाबा त्याला झाडाचा तीळ म्हणतात. गिऱ्हाईक आलं की बोटाला थुंकी लावायची आणि ठिपक्यावर चोळायची, अशी गोल गोल – 'बघा, रंग कसा उघडतोय!' – आणि गिऱ्हाईक त्याच थुंकीवरून बोट फिरवत म्हणणार, वा! शी. नंतर मी पुसत बसते. हा पुसलाय, घाबरू नका. एक मिनिट हं, फोन लावते – वाजतोय. नुसता वाजतोय. आत्याला ऐकू कमी येतं, उठायलाही वेळ लागतो, म्हणजे उचलेल – उचलेल ना?

तर तो ठिपका. सुरुवात तिथूनच झाली. परवा हा वाडगा पुसायला घेतला आणि मनात आलं, झाडाला कसला आलाय तीळ? बाहेरची पाटी वाचलीत ना – 'वादळात पडलेल्या झाडांचे वाडगे' – अक्षर माझंच आहे, कॉलेजात पोस्टरं रंगवायचे ना मी, तोच हात. पण लाकडात लोखंड राहिलं आणि ओल लागली, की भोवतीचं लाकूड असं काळं पडतं. घर बांधणाऱ्याच्या पोटी जन्मलेय, एवढं कळतं मला. नखानं टोकरलं, तर मधोमध भोक – भुसा आणि डिंक कालवून बुजवलेलं. आता रानात पडलेल्या झाडाला खिळा कोण ठोकायला गेलं होतं? आणि तेव्हा आठवलं, त्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये लेथ चालू असताना खाट् करून आवाज झाला होता – मी तर ताटच सोडलं हातातून, मी अशीच आहे, पान हललं तरी दचकते – आणि बाबा पटाशीची धार बघत होते. तुटली होती. मी विचारलं, काय लागलं? म्हणाले, 'गाठ होती.' गाठीनं पटाशीचा असा तुकडा उडतो होय? ताट उचललं आणि आले आत.

तुमचे हे हॉर्न वाजवतायत वाटतं. बाई गं, केवढा मोठा! वाजवू देत, मी कागदात गुंडाळून देते – हा नाही, दुसरा. या उतारावरची निम्मी घरं बाबांनी बांधलीत. आता गुडघे गेले, शिड्या चढवत नाहीत, म्हणून लेथ आणली – आणि लोकांनी नुसतं डोक्यावर घेतलंय. कातारी आजोबा! म्हातारपणी काय कला फुटलीये बघा! आणि वर पुण्यकर्म – जुन्या गिऱ्हाइकांची घरं फुकट तपासून देतात. जायचं, खांबाला टकटक करायचं, चेहरा पाडायचा – 'कीड लागलीये हो आतून' – मग तुळईखाली जॅक लावून जुना खांब काढायचा आणि नवा बसवायचा. लोक पाया पडायचे बाकी राहतात. ती नर्सबाई, खालच्या वळणावरची, तिनं तर रडत रडत स्वेटर विणून दिला. तोच घालून फिरतात. आता तिचं दार लागत नाहीये, चौकटीत अडकतं. का अडकणार नाही? नवा खांब म्हणजे कालपरवा कापलेलं ओलं, हलकं लाकूड, वरून काळपट रंग फासलेलं, दिसायला जुनं दिसावं म्हणून – ते सुकलं की आखडणारच, वरची तुळई खाली बसणारच. आणि तो किडका जुना खांब? म्हणतात, 'जाळला.' अस्सं. मग आमच्याकडे जळणाला मी लाकूडवाल्याच्या दारात का उभी असते?

घेतलंच नाही. परत लावते – वाजतोय.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही बाहेरच्या, वाडगा घ्याल आणि जाल, म्हणून असेल. गावात कुणाला सांगू? कोण ऐकेल? तर आज सकाळी मी शेडमध्ये गेले. भुशाचा नुसता खच, नाकातोंडात जातो. कोपऱ्यात गोणपाट होतं, ते उचललं. खाली खांबाचा उरलेला तुकडा – आणि त्याचा एक कोपरा कुरतडलेला. दातांच्या खुणा, अशा ओळीनं. आत्याची बकरी, काकू! माझी आत्या, बाबांची सख्खी मोठी बहीण, वर एकटी राहते – बाबांनी बांधलेलं पहिलंवहिलं घर ते. इथे डोंगरात बर्फ पडलं की ती बकरीला आत घेते आणि मधल्या खोलीतल्या खांबाला बांधते, आणि ती भवानी बसल्या बसल्या खांब खाते. लहानपणी मी त्या खांबाशी बसून अभ्यास केलाय, माझी वहीपण खाल्लीये तिनं. दावं अडकवायला खांबात एक आकडा होता, लोखंडी. तो काळा ठिपका – हो, तोच. आता तरी ठेवाल का खाली?

चहा पिताना विचारलं मी. 'बाबा, आत्याच्या घरातला खांब आपल्या शेडमध्ये काय करतोय?' दचकतील म्हटलं, निदान खोटं तरी बोलतील. छे! चहा ढवळत म्हणाले, 'मीच घातला, मीच काढला. असलं लाकूड बकरीच्या तोंडाशी वाया घालवायचं होय? आतली नक्षी बघ जरा.' म्हटलं, आणि आत्या? तर म्हणाले, 'तिला काय, ती खांबाला पाठ लावून बसते. नव्यालाही लावेल.' सख्ख्या बहिणीबद्दल! आणि बिस्कीट बुडवलं चहात. ते मऊ झालेलं बिस्कीट चोखताना बघितलं ना मी त्यांना – उठूनच गेले. किळस आली. बापाची किळस यावी का माणसाला? मला आली.

मग ते बाहेर पडले. खाली बाजारात जातो, डिंक आणतो, म्हणाले. आणि तुम्ही यायच्या जरा आधी मी गोणपाट जागेवर ठेवायला गेले, तर शेडमध्ये जॅक नाही. मोठी करवत नाही. डिंकाचा डबा मात्र फळीवर आहे, काठोकाठ भरलेला. आत्याच्या मधल्या खोलीत खांब दोनच, काकू. एक हा – तुमच्या हातात. दुसरा अजून जुनाच उभा आहे, त्याच झाडाचा, तसाच सुंदर. आणि रात्रभर बर्फ पडलंय. आमच्या छपराचं मी सकाळी फावड्यानं ओढलं, तिच्या छपराचं कोण ओढणार? नवा खांब ओला, हलका, म्हणजे सगळा भार त्या एका जुन्या खांबावर – तुमची गाडी वर चढेल का हो? जवळच आहे, पायी गेले तर वेळ लागेल, या बर्फात – नाही? नाही, बरोबर आहे, तुम्हाला अंधाराच्या आत घाट उतरायचाय. तुमच्या ह्यांना विचारून बघता? नको? राहू दे. राहू दे म्हटलं ना. तो वाडगा द्या इकडे. पैसे नकोत, दुसरापण नको, काहीच विकायचं नाहीये मला, दुकान बंद करतेय मी, जा तुम्ही – थांबा – उचलला! उचलला फोन!

हॅलो, आत्या? आत्या, ऐक, आहेस तशी ऊठ आणि आधी बाहेर –

बाबा?

तुम्ही... आत्या कुठेय? तिला द्या फोन. का नाही उठत? मोठ्यानं बोला, मागे खरखर कसली चाललीये, करवत चालवताय? – काय, खांबाला पाठ लावून बसलीये?

कुठल्या खांबाला, बाबा?