कादंबरीतल्या सासूचं काय करायचं

माझ्या पहिल्या कादंबरीचा शेवट आमच्या सासूबाईंनी ठरवला, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

नवीन लग्न होतं. हे ओझरच्या कारखान्यात गेले की मी लिहायला बसायची. कादंबरी साप्ताहिकात क्रमशः यायची आणि तिच्यातली सासू सुनेच्या चहात दूधसुद्धा हात राखून घालायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुला दुधाचा चहा मिळतो ना गं?"

बायका गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आजपासून लिहिणं बंद."

"आई, शेवटचा भाग राहिलाय."

त्या जरा विचारात पडल्या. "मग मारून टाक तिला. मेलेल्या सासूला कुणी नावं ठेवत नाही."

मी मारली. अंक आला त्याच संध्याकाळी काकू गंगेवरून, म्हणजे गोदावरीच्या काठावरून, भाजी घेऊन येताना आमच्या दारात थांबल्या. "फार वाईट झालं हो. आता कुठे सुधारत होत्या!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बाई चांगली होती हो. सून तेवढी लिहिणारी मिळाली."

काकू गेल्या. दार लावता लावता सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "पुढच्या कादंबरीत शेजारीण घे."