घंटी नसलेली सायकल

...आणि एवढं सगळं असून तिला घंटी नाही. पुढे गिअर, मागे गिअर, हँडलवर एक इवलासा पडदा, त्या पडद्यावर वेग, चढ, छातीचे ठोके, सूर्य किती वाजता मावळणार तेसुद्धा लिहून येतं, म्हणजे समोर सूर्य ढळढळीत दिसत असताना खाली मान घालून सूर्याची चौकशी करायची, पण रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिला सांगणार कसं? घंटी नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे विरुपाक्षांना, मी सायकल घरात आली त्याच दिवशी विचारलं, "अहो, दुकानदार घंटी द्यायला विसरला की काय?" तर आयुष्यभर बँकेत शाखाधिकारी म्हणून वावरलेला हा माणूस मला गंभीरपणे सांगतो, "अगं, घंटीचं वजन होतं." आता तुम्हीच सांगा, परवाच्या सणाला हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, तीन वाट्या तुपासकट कुणी संपवल्या? त्या तीन वाट्या अक्कलकोट रोडला चढावर घंटीपेक्षा हलक्या होतात का? पण मी बोलले नाही. आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये.

बोलण्याचं काम त्यांच्या ग्रुपकडे आहे. दर रविवारी राईड झाली की सगळे आमच्या दिवाणखान्यात, मध्ये शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीची चळत, आणि चर्चा कशावर, तर टायरमध्ये हवा किती असावी. तुम्हाला सांगते, आमच्या शिक्षकांच्या सभेत पगारावरसुद्धा एवढा वेळ चर्चा झालेली मी पाहिली नाही. एक म्हणतो हवा कमी ठेवा, दुसरा म्हणतो कमी ठेवली की रिम जाते, तिसरा म्हणतो ट्यूब हवीच कशाला, टायरमध्ये पांढरं औषध भरायचं, काटा गेला तरी भोक आपोआप बुजतं. त्यांचा कॅप्टन अमरेश, दातांचा डॉक्टर, तो शेवटी निकाल देतो, आणि तोही कसा, समोरचा माणूस आ करून बसल्यासारखा, "हे बघा, अजिबात त्रास होणार नाही, फक्त थोडं प्रेशर जाणवेल." त्याच अमरेशने यांच्या डोक्यात भरवलं की चेनला तेल घालणं मागासलेपणाचं आहे, चेन वितळलेल्या मेणात बुडवायची. बुडवली. कशात? माझ्या पुरणाच्या पातेल्यात. होळीला आमच्या पोळ्या खाऊन जाऊबाई म्हणाल्या, "वास वेगळाच येतो हो, देवळातल्यासारखा." चेनला मेण आहे, टायरला औषध आहे, पण घंटी नाही.

मग एकमेकांना सांगायचं कसं? हाताने. पुढच्याने खड्ड्याकडे बोट दाखवायचं, मागच्याने ते बघून त्याच्या मागच्याला दाखवायचं, तळहात वर म्हणजे थांबा, हात डावीकडे पसरला म्हणजे डावीकडे वळा. आणि वळायचं म्हणजे वळायचं, का म्हणून विचारायचं नाही. अमरेश म्हणतो, "काकू, पुढच्याच्या हातावर शंका घेतली की सगळे एकमेकांवर आदळतात." मला, खोटं का बोलू, शिस्त आवडली. वर्गात एवढी शिस्त असती तर माझा घसा शाबूत राहिला असता.

आता खरी गोष्ट. वळसंगची माझी शाळा, जिथे माझी सगळी नोकरी झाली, तिथून साक्षीचा फोन आला. साक्षी माझी विद्यार्थिनी, आज तिथेच मुख्याध्यापिका आहे. म्हणाली, "बाई, सव्वीस जानेवारीला झेंडा तुमच्या हातून. आठला." मग अवघडून म्हणाली, "वेळेचं तुम्हाला काय सांगायचं." बरोबर आहे, कारण त्या शाळेत घंटा झाली की फाटक बंद, हा नियम माझा. उशिरा येईल त्याने बाहेर उभं राहायचं, आणि आत घेतल्यावर आवारातल्या झाडांना पाणी घालायचं. एकदा तपासणीला आलेले साहेब बाहेर राहिले होते, आणि त्यांनीही कडुनिंबाला दोन बादल्या घातल्या. आणि मी? एवढ्या वर्षांत मला एकदाही उशीर झालेला नाही. एस.टी. बंद पडली तर कुंभारीपासून चालत गेलेली आहे, पण घंटेच्या आत. कुणाकडे दागिने असतात, कुणाकडे शेती असते, माझ्याकडे हे एवढंच आहे.

म्हणून मी म्हटलं, पहिल्या एस.टी.ने जाते. तर हे म्हणतात, "एस.टी.चा काय भरवसा? सायकलने चल, ग्रुप सोबत आहे, वेळेच्या आधी पोहोचवतो." आणि मी ऐकलं. का ऐकलं? माझी जुनी लेडीज सायकल अजून टुणटुणीत आहे, तिला जाड टायर आहेत, पुढे टोपली आहे, आणि घंटी आहे, अशी की वाजवली तर मंद्रूपच्या बाजारात माणूस बाजूला होईल.

निघालो उजाडायच्या आत. मी इरकल नेसलेली, पदर खोचलेला, अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून अंबाडा सोडून वेणी घातलेली. टोपली असलेली सायकल माझी एकटीची, म्हणून साऱ्या ग्रुपचे पंप, ट्यूबा, पाने आणि केळी माझ्या टोपलीत. यांना वजन चालत नाही ना. शिवाय त्यांचा नियम असा की सगळ्यात हळू असेल त्याने पुढे राहायचं, म्हणजे कुणी मागे सुटत नाही, त्यामुळे पुढे मी, आणि वारा समोरून असल्यामुळे माझ्या पदराच्या आडोशाला एका ओळीत दडलेले तंग चड्ड्यांतले हे सगळे वीर.

कुंभारी मागे पडली, घड्याळ माझ्या बाजूने होतं. वळसंग जवळ आलं आणि बाजूला एक मोटारसायकल आली, दोन्हीकडे दुधाच्या कॅनी. बघते तर हिंदुराव. हा माझा विद्यार्थी, उशिरा येण्यात पहिला नंबर, याच्या पाण्यावर शाळेचे दोन कडुनिंब वाढले आहेत, आणि आता शाळा समितीचा अध्यक्ष.

"बाई, सायकलवर? आन् मागं ही वरात कुनाची?"

"वरात नाही, ग्रुप आहे. तू आज तरी वेळेत जाणार ना?"

"आमी काय, गाडीवर हाय की. तुमीच बघा, उशीर करू न्हका."

मला हे कोण सांगतंय? हिंदुराव. मग मीही जुना हिशेब काढला. डाव्या हाताला शेतात जाणारी गाडीवाट होती, आत बाभळीचं दाट रान, मी हात पसरून म्हटलं, "ती बाभूळ ओळखलीस का? शाळा चुकवून त्याच झाडाखाली बसायचास ना?" तो हसला आणि गेला पुढे.

आता मला सांगा, हात कशासाठी असतो? बोलताना हलवण्यासाठी असतो. पण मागे सरळ हिशेब झाला. काकूंचा हात डावीकडे, अमरेशचा हात डावीकडे, त्याच्या मागच्याचा, त्याच्या मागच्याचा, शेवटी आमच्या ह्यांचा, आणि कुणीही, का म्हणून, न विचारता, सगळा ग्रुप शिस्तीत बाभळीच्या रानात.

मी पुढे. मागे काही नाही, पण मागे काही नाही हे कळणार कसं? ते ओरडले म्हणे. वारा समोरून, त्यांचा आवाज गेला सोलापूरला. एकाने, फक्त एकाने घंटी वाजवली असती... पण घंटी नाही. वळसंगची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर रस्ता मोकळा.

सरळ जावं की नाही? वेळेत पोहोचत होते मी. पण पंप कुठे? माझ्या टोपलीत. ट्यूबा कुठे? माझ्या टोपलीत. फिरले मागे.

तिथे काय दृश्य सांगू... सगळ्यांचे टायर बसलेले, ते आपोआप भोक बुजवणारं औषध चहूकडे उडालेलं, अमरेशच्या मिशीलासुद्धा पांढरं, आणि आमचे हे वाटेत आडवे, कारण यांचे बूट पेडलला खालून अडकवलेले असतात, टाच बाहेर फिरवली तर सुटतात, आणि घाईत ती नेमकी फिरवायची राहते. मला बघून म्हणाले, "तू जा, तुला उशीर होईल." आता लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाभळीत पडलेल्या नवऱ्याचं "तू जा" ऐकून कोणती बायको गेली आहे? मी काटे काढायला बसले. आणि ग्रुप? ग्रुप चर्चेला बसला. एक म्हणतो ट्यूब घाला, दुसरा म्हणतो आधी टायर चाचपा, काटा आतच असेल, तिसरा म्हणतो मी तेव्हाच सांगत होतो हवा कमी ठेवा. शेवटी मी तळहात वर केला. सगळे गप्प. तेवढी एक खूण दोन्ही शाळांत सारखीच निघाली. मग पटापट ट्यूबा चढल्या.

निघालो. मी एवढी जोरात कधीच चालवली नव्हती, यांच्या पडद्यावर म्हणे नोंद आहे. पेठेतून जाताना मी सारखी घंटी वाजवत होते, लोक बाजूला होत होते, आणि शाळेच्या वळणावर पोहोचले तेव्हा दुसरी घंटा ऐकू आली. शाळेची. मी फाटकाशी, आणि फाटक सरकत येऊन माझ्यासमोर बंद. आतून साक्षी. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण हात कडीवर होता.

"बाई... घंटा झाली."

"झाली," मी म्हटलं.

झेंडा हिंदुरावने फडकवला. वेळेत आला होता तो. राष्ट्रगीताला आम्ही बाहेर रस्त्यावर ताठ उभे, मी आणि माझ्यामागे काट्यांनी ओरखडलेला ग्रुप. मग फाटक उघडलं, तर हिंदुराव स्वतः बादली घेऊन समोर.

"बाई, उशिरा आल्यावर काय करायचं असतंय, मी सांगू का तुमीच सांगताव?"

घातलं पाणी. सगळ्यांनी घातलं. कॅप्टनने तर खताचंही विचारलं. पोरं रांगेत उभी राहून बघत होती, आणि माझं ते एवढंच जे होतं, ते त्या कडुनिंबाच्या आळ्यात जिरलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना माझ्याकडे बघवेना. आठ दिवसांनी एक पार्सल आलं. यांनी स्वतः फोडलं, स्वतः बसवलं, मला दिवाणखान्यात बोलावून म्हणाले, "बघ, तुझ्यासाठी घंटी घेतली. परदेशी आहे. वजन काहीच नाही." मी चष्मा लावला, वाकून बघितलं, हँडलला बोरीच्या बोराएवढं काहीतरी होतं खरं. मी म्हटलं, "छान आहे. वाजवा बघू."

ते म्हणाले, "वाजवली की."