दीड हात जास्तीचा पंख

— नाही उघडत, साहेब! ना-ही उ-घ-ड-त! आतून कडीच नाही विमानाच्या त्या काचेच्या झाकणाला, होती ती कधीच तुटली. ढकलू नका, काच जुनी आहे, तडकली तर मला जाब विचारतील. सुतार चहाला गेलाय, तो आला की बाहेरून खिटी काढेल. दहा मिनिटं! दहा — ही बघा बोटं. काय? कानाला हात लावून मान हलवताय — ऐकू येत नाही? काहीच? मी एवढी घसा फोडून ओरडतेय आणि तुम्हाला एक अक्षर — नाही? बरं. मग तर बरंच झालं.

आता मी आपली हसतमुखानं बोलत राहते, म्हणजे तुम्हाला वाटेल बाई धीर देतेय. वाऱ्यानं झाकण पडलं म्हणाले मघाशी, पण वारा-बिरा काही नव्हता हो साहेब. तुम्ही सीटखालचा नंबर बघायला वाकलात आणि झाकण मीच पाडलं. हो, हो, मान हलवा, गोड दिसता. आणि सुतार चहाला गेलेला नाही, तो आज रजेवर आहे. खिटी काढायला सुतार कशाला लागतो — माझ्या एका अंगठ्याचं काम आहे ते. पण सकाळपासून तुम्ही टेप घेऊन माझ्या विमानाभोवती घिरट्या घालताय, डावा पंख मोजताय, उजवा मोजताय, पुन्हा डावा मोजताय, आणि प्रत्येक वेळी तुमची एक भुवई वर — मग पाडलं झाकण, दुसरं काय करणार! तुमच्या त्या कागदावर निकालाचे रकाने दोनच. अस्सल ठरलं तर राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात जाणार, बनावट ठरलं तर भंगारात. म्हणजे मला दोन्हीकडून ते जाणारच! 'सांगता येत नाही, पुढच्या वर्षी बघू' असा तिसरा रकाना छापायला काय झालं होतं तुमच्या हापिसाला?

तुम्हाला म्हणून सांगते — म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सांगते — डावा पंख उजव्यापेक्षा दीड हात जास्त लांब आहे. टेप बरोबर आहे तुमची. त्याचं असं झालं, मी आणि माझी ताई, आम्ही दोघी विमानाच्या कारखान्यात पत्रे जोडायचे रिव्हेट मारायचो. वीस वर्षं, फक्त पंख. ताई अंगानं बारीक, ती पंखाच्या पोटात शिरून लोखंडाचा ठोकळा धरायची, मी बाहेरून हातोडी चालवायची. आख्खं विमान आम्ही कधी जोडलंच नव्हतं! कारखाना बंद पडला आणि इथल्या संग्रहालयाच्या संचालकांनी आम्हाला बोलावलं — दोन मोडकी लढाऊ विमानं खोक्यांतून आली होती, त्यातलं एक उभं करायचं होतं, उद्घाटनाला नऊ दिवस. खोकी गोदामात भिजलेली, चिठ्ठ्यांचा लगदा. कुठला पंख कुठल्या विमानाचा, देवाला ठाऊक. आम्ही काय केलं? भोकं जुळवून पाहिली. आमची शिकवणच तशी — भोकाला भोक बसलं की पंख बसला. बसला! ताई म्हणाली, बघ कसा हातमोज्यासारखा बसला. आठव्या दिवशी मागे सरकून पाहतो तर विमान एका अंगाला कललेलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. ताई खाली बसून हसायला लागली ती थांबेचना. संचालक म्हणाले, तुमचे डोळे दमलेत, झोपा जाऊन.

आणि पकडलं कुणी? कुणीच नाही! उलट एक प्राध्यापक आले, त्यांनी चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, हा तर गुप्त प्रयोग! त्यांचंही काय चुकलं — युद्धात आणि नंतरही माणसांनी काय काय उडवलंय, त्या भिंतीवरचे फोटो बघा. ते मधलं, इंजिन आणि शेपटी एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला काचेच्या खोलीत — खरंच होतं हो, आणि सरळ उडायचं. ते ताटासारखं गोल. आणि ते अंड्याएवढं, चाकंच नाहीत, मोठ्या विमानाच्या पोटाखाली आकड्याला टांगायचं, सुटायचं मजेत, पण परत आकड्यात अडकायची मारामार, की मग उतरा पोटावर घासत. एवढं सगळं खरं असताना आमच्या दीड हातावर कोण संशय घेणार? प्राध्यापकांनी लेख लिहिला, समोर तो पितळी फलक लागला, त्यावर त्यांचं नाव — हे एवढं मोठं. उद्घाटनानंतर आम्ही दोघी इथंच साफसफाईला राहिलो, रोज मीच पुसते ते. ताई रोज त्याला जीभ दाखवून जायची.

दोन वर्षं झाली ताई जाऊन. मला फार आठवण येते तिची, खोटं कशाला बोलू. घरात तिचे कपडे आहेत, भांडी आहेत, पण तिचं काम म्हणाल तर ह्या पंखात. आतली रिव्हेटची सगळी टोकं तिनं दाबलेली. भंगारवाल्याला काय त्याचं, तो कापून — अहो, रुमाल कशाला काढताय? उकडतंय? की —

साहेब. तुम्ही डोळे पुसताय.

ऐकू येत होतं? पहिल्यापासून? म्हणजे कानाला हात लावला तो — आणि मी आपली मूर्खासारखी — आणि ते लिहून पण घेतलंत! हसू नका. चांगलेच बेरकी निघालात की. थांबा, उघडते. हं. बाहेर या आता, टेपेत पाय अडकेल, सांभाळून. … काय? कागद फाडताय? माझ्यासाठी? … फाडाच. नाही तर माझं — थांबा. थांबा हो जरा, घाई कसली एवढी. ह्या खालच्या रकान्यात काय लिहिलंय — 'जुळणी कोणी केली'? 'अज्ञात'?

अज्ञात कोण! फाडू नका. अस्सल म्हटलंत तर जुळणी दुसऱ्याचीच ठरेल; बनावटच्या पुढे खूण करा. करा म्हणते ना! भंगारात गेलं तर जाऊ दे, मी रडेन चार दिवस, तुम्हाला शिव्याही देईन. पण ते 'अज्ञात' खोडा आणि ताईचं नाव घाला. मी सांगते, सावकाश लिहा, काना-मात्रा चुकवू नका. … माझं नको, मी बाहेरून नुसते ठोके घातले. … झालं? वाचा बरं मोठ्यानं.

पुन्हा वाचा.

हं. निघा आता.