खोली फूटभर कमी

नॉटिंगहमच्या पालिकेत घर भाड्याने देण्याच्या परवान्यासाठी रांग लागली होती. स्वतःचा अर्ज घेऊन आलेल्या ग्लेनिसच्या पुढेच घरमालकीण मिसेस हॅलम आणि अकरा वर्षं त्यांच्याकडे राहणारा डेस्मंड बोलत उभे होते.

"तपासनीस म्हणाला, तुझी खोली नियमापेक्षा फूटभर कमी भरते. तिथे भाडेकरू ठेवला तर परवाना नाही."

"मला कधी कमी पडली नाही."

"सांगितलं मी त्याला. तो म्हणे, नियम तुझ्याच भल्याचा आहे."

"खरंय त्याचं. कुठेकुठे माणसं कोंबड्यांसारखी कोंबतात. मी बहिणीकडे जाईन, मिसेस हॅलम."

"तिच्याशी तू नाताळातसुद्धा बोलत नाहीस."

मिसेस हॅलमनी हातातला अर्ज त्याच्यापुढे धरला.

"अर्ज वाच. माझी खोली तुला, तुझी मला."

"तुम्ही तिथे कशा झोपणार?"

"मालकिणीनं किती जागेत झोपावं याला नियम नाही. विचारून आलेय."

"पण ती तुमची आणि साहेबांची खोली."

"ते जाऊन सहा वर्षं झाली. एवढा पलंग मला एकटीला काय करायचाय?"

डेस्मंडने अर्ज वाचून परत दिला.

"तुमच्या खोलीतले पडदे मात्र काढू नका."

"फुलाफुलांचे आहेत."

"असू देत."